गंजाचा पत्ता

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी सेल्फ मारून इंजिन ऐकतो. मग धुराचा रंग बघतो, टायरवरून हात फिरवतो आणि किमतीवर येतो. माझा पहिला प्रश्न आता वेगळा असतो. ही गाडी पावसाळ्यात कुठं उभी राहायची?

आमच्या बेळगाव जिल्ह्यात या प्रश्नाला फार अर्थ आहे. अथणी-कागवाडकडे वर्षाला 500-600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेला खानापूरच्या वर, कणकुंबी-आमगावकडे तो त्याच्या कित्येक पट कोसळतो. जून ते सप्टेंबर तिथं पत्रा म्हणून वाळत नाही. एकाच वर्षी कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन गाड्या, एक अथणीच्या द्राक्षमळ्यांत राबलेली आणि एक जांबोटीच्या रस्त्याला, शेजारी शेजारी उभ्या करून बघा. अथणीच्या गाडीचा रंग उन्हानं उडालेला असतो, काचांची रबरं तडकलेली असतात, पण खाली वाकलं की चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, कोरडी ठणठणीत. जांबोटीची गाडी वरून चांगली दिसते. दाराच्या खालच्या काठाला अंगठा लावला की तो आत जातो.

आमची गाडी म्हणजे चारशेसात. टाटांची 407 पहिल्यांदा 1986 साली रस्त्यावर आली. त्याच दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्यानं आणखी काही हलके ट्रक देशात बनू लागले होते. त्यांतली काही नावं आता कानावरही पडत नाहीत, आणि चारशेसात मात्र आमच्या प्रत्येक बाजारात उभी असते. तिचे पार्ट कुठंही मिळतात, ती कुणालाही खोलता येते. शिकायला याहून चांगली गाडी नाही असं माझं ठाम मत आहे.

घरची शेती बेळगुंदीच्या बाजूला. पावसाळ्यात भात आणि माळाला रताळी. नवरात्र, महाशिवरात्र अशा उपवासांच्या तोंडावर बेळगावच्या मार्केट यार्डात रताळ्याच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि माल पार दिल्लीपर्यंत जातो. नेमक्या त्याच दिवसांत भाड्याची गाडी मिळत नाही, मिळाली तर सांगेल तो दर. काढलेली रताळी थांबत नाहीत. म्हणून जुनी का होईना, स्वतःची गाडी घ्यायची ठरली. भावानं चालवायची, दुरुस्तीचं मी बघायचं. मी उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका मशीन शॉपमध्ये हिशेबाला आहे. लेथच्या आवाजात दिवस जातो, जॉबच्या मापांची बिलं हाताखालून जातात, पण पाना कधी धरला नव्हता. धरायची इच्छा मात्र फार जुनी होती.

गाडी कोल्हापूर पासिंगची, एमएच-09. विकणारा म्हणाला, सगळं आयुष्य गुळाच्या बाजारात गेलं, गुळाच्या ढेपांशिवाय दुसरं काही भरलं नाही. आरसी बुकात मालकांची नावं असतात, गाडीनं काय वाहिलं ते नसतं.

ऑटोनगरातल्या, म्हणजे आमच्याकडच्या गॅरेजांच्या वसाहतीतल्या, ज्या मेस्त्रींकडे मी शिकायला लागले त्यांना सगळे चाचा म्हणतात, म्हणून मीही चाचाच म्हणते. त्यांनी इंजिन सुरू करायला सांगितलंच नाही. लहान हातोडी घेतली, गाडीखाली सरकले आणि पुढून मागं चेसिसवर टिचक्या मारल्यासारखे ठोके देत गेले. खानापूरच्या कुंभाराकडं मडकं घेताना बाई जशी वाजवून बघते तसंच. चांगल्या लोखंडाचा आवाज ठण् येतो आणि थोडा वेळ राहतो. कुजलेल्या ठिकाणी तो बद्द होतो, तिथल्या तिथं मरतो. केबिनपासून हौद्याच्या मध्यापर्यंत आवाज खणखणीत होता. त्यापुढं, मागच्या चाकांच्या वर, दोन्ही बाजूंना तो बसला.

चाचांनी स्क्रू ड्रायव्हरनं तिथला एक पापुद्रा उचकटला. पुस्तकाच्या भिजलेल्या पानांसारखा थरावर थर सुटला आणि आत पांढुरकी भुकटी दिसली. त्यांनी ती बोटावर घेतली, वास घेतला.

"हे गुळाचं न्हवं, पोरी. हे मिठाचं हाय. मासे वाहिलेत हिनं."

नंतर गाडी विकणाऱ्या दलालाला फोन करून सरळ विचारलं, तेव्हा त्यानं मान्य केलं. काही वर्षं गाडी मालवणहून आंबोली घाट चढून मासळी घेऊन यायची. बर्फ वितळायचा, खारं पाणी हौद्याच्या फटींतून खाली ठिबकायचं, आणि चढावर गाडीचं तोंड वर असल्यामुळं ते सगळं मागं धावायचं. गंज मागच्याच भागात का, याचं उत्तर आंबोलीच्या चढात होतं. त्या दिवशी मला गाडीदुरुस्तीची खरी गोडी लागली. गंज म्हणजे नुसती घाण, खरवडून टाकायची, असं मला वाटायचं. तो नेमक्या जागी बसतो आणि प्रत्येक जागेला कारण असतं. वाळूची गाडी हौद्याच्या तळाशी आणि फाळक्याच्या बिजागऱ्यांशी कुजते, कारण ओली वाळू कोपऱ्यात राहते. उसाच्या गाडीत पाचट आणि चिपाडं चेसिसच्या खोबणीत अडकतात आणि महिनोन्‌महिने ओल धरून ठेवतात. बॅटरीच्या पेटीखालचा गंज अ‍ॅसिडचा. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातला गंज दिसला तर रबर बदललं नाही, पाणी आत जातंय, एवढं नक्की.

मीठ वाईट का, तेही समजून घेतलं पाहिजे. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एवढ्यावर गंज चढतोच. मिठानं पाण्यातून वीज वाहणं सोपं होतं, त्यामुळं काम वेगानं होतं. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून घेतं. म्हणजे मासळी बंद होऊन किती वर्षं गेली याला महत्त्व नाही. पापुद्र्यात मीठ उरलंय तोवर आत काम चालू आहे, भर उन्हाळ्यातसुद्धा. बरेच लोक इथं घाई करतात. वायर ब्रश मारला, रेड ऑक्साइड फासलं, वरून काळा रंग, झाली गाडी नवी. एका पावसाळ्यात रंगाला फोड येतात. आम्ही पापुद्रे छिन्नीनं काढले आणि मग गोड्या पाण्याच्या प्रेशरनं चेसिस धुतली, वाळवली, पुन्हा धुतली. शेजारच्या गॅरेजमधली माणसं येऊन बघून जायची, की गंजलेल्या गाडीला पाणी कशाला मारायलेत. चाचा कुणाला समजावत बसले नाहीत.

आता बोल्टविषयी. नवशिक्याचं निम्मं शिक्षण गंजलेल्या बोल्टपाशी होतं, आणि मला यावर सविस्तर लिहायचंय, कारण हे कुणी नीट सांगत नाही.

मागच्या पाट्यांचे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, यू बोल्ट सोडायचे होते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. नट आणि आटे यांच्यामध्ये जी केसाएवढी फट असते तिच्यात तो फुगतो आणि दोघांना गच्च धरतो. म्हणजे बोल्ट कुणी जास्त आवळलेला नसतो, तो आतून फुगलेला असतो. हे एकदा डोक्यात बसलं की हाताची रीतच बदलते. आधी वायर ब्रशनं उघडे आटे साफ करायचे, नाहीतर नट थोडा सुटून पुढच्या घाणीत पुन्हा अडकतो. मग गंज सोडवणारं तेल पाजायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी पुन्हा पाजायचं. मग नटाच्या बाजूंवर हातोडीचे नेमके ठोके, फार जोरात नाहीत. त्यानं गंजाची पकड तडकते आणि तेलाला आत जायला वाट मिळते. पाना सहा कोनांचीच गोटी (नटावर बसणारी टोपी) असलेला. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटाच्या कडा खाते आणि एकदा कडा गोल झाल्या की छिन्नीशिवाय गती नाही.

मी पाईप लावून पाना सोडवायच्या दिशेनं ओढायला घेतला तर चाचांनी हात वर केला.

"आधी आवळ."

"आवळू?"

"जरासा. मग सोड. परत जरासा आवळ. त्याला हलू दे की आधी."

आवळताना काही होत नव्हतं. मग हातातल्या पाईपला एक बारीक करकर जाणवली, कानाला ऐकू येण्याआधी तळव्याला कळली. नट सुताएवढा फिरला. उलट फिरवला, तेवढाच परत आला. पुन्हा तेल. पुन्हा पुढं-मागं. तपकिरी पावडर तेलात मिसळून चिखलासारखी बाहेर येत होती, आणि प्रत्येक खेपेला नट मागच्यापेक्षा थोडा लांब जात होता. शेवटी तो हातानं फिरायला लागला तेव्हा आटे चांगले चकाकत होते. इतकी वर्षं गंजाखाली आटे शाबूत राहिले, याचा मला झालेला आनंद मी शब्दांत नीट सांगू शकत नाही. मी तो नट घरी आणलाय.

तेलानं सुटत नाही तिथं गॅस. नट तापवला की तो पसरतो, बोल्ट तुलनेनं थंड असतो, पकड ढिली होते. तापलेल्या आट्यांना मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आत शोषलं जातं आणि वंगणाचं काम करतं. हे मी स्वतः केलंय आणि ते चालतं. पण ब्रेकच्या पाइपाजवळ, डिझेलच्या टाकीजवळ, रबरी बुशाजवळ ज्योत न्यायची नाही. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, कधीच नाही. खाली स्टँड किंवा जाड लाकडी ओंडके, चाकं सरकू नयेत म्हणून उटी, मगच आत सरकायचं. गॅरेजमधली पोरं घाईत हे टाळतात ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. चाचांच्या गॅरेजात या एका गोष्टीवर आवाज चढतो.

छोट्या भागांसाठी आम्ही मळी वापरली. आमच्या जिल्ह्यात वीसपेक्षा जास्त साखर कारखाने आहेत. मळी पशुखाद्यात जाते, तिथूनच एक कॅन मिळाला. एक भाग मळीला नऊ-दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या बॅरलमध्ये. त्यात फाळक्याच्या कड्या, बिजागऱ्या, मडगार्डच्या पट्ट्या, पाट्यांचे क्लॅम्प बुडवून ठेवायचे. आठवडा-दोन आठवडे लागतात. आंबूस वास सुटतो, माश्या येतात, घरच्यांनी बॅरल न्हाणीच्या मागं हलवायला लावलं. पण बाहेर काढून ब्रश फिरवला की गंज काळ्या गाळासारखा निघून जातो आणि खालचं लोखंड करडं, स्वच्छ दिसतं. मळीतले घटक गंजातलं लोह धरून पाण्यात ओढतात, चांगल्या लोखंडाला फारसं खात नाहीत. अ‍ॅल्युमिनियम मात्र त्यात टाकू नये. धुतल्या धुतल्या पुसून तेल लावायचं, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस झाक येते.

जिथं ब्रश पोचत नाही, चेसिसच्या आतल्या कोपऱ्यांत, तिथं गंजावर लावायचं द्रावण येतं. त्यातल्या काहींत टॅनिक आम्ल असतं. ते लागलं की तांबडा गंज बघता बघता निळसर काळा होतो. आपल्या जंगलातल्या हिरड्यात टॅनिन भरपूर, आणि हिरडा व लोखंड मिळून काळी शाई जुन्या काळापासून केली जायची. म्हणजे कोपऱ्या-कोपऱ्यात मी ब्रशनं लावत होते ती जवळपास शाईच. आणखी एक, यावर मी बराच वेळ विचार करत बसले होते: रेड ऑक्साइडचा तांबडा रंगही लोहाच्याच ऑक्साइडचा असतो. ज्यानं लोखंड खाल्लं त्याच्याच जातीचं काहीतरी तेलात घोटून आपण लोखंडावर पांघरतो.

वेल्डिंग मी शिकले नाही, शिकेन. ते काम चाचांच्या पुतण्यानं केलं. ट्रकची चेसिस शिडीसारखी असते, दोन लांब पट्ट्या आणि मध्ये आडव्या, रिवेट मारलेल्या. ती वळण्यासाठी, पिळण्यासाठीच तशी केलेली असते. कुठंही पत्रा ठोकून चारी बाजूंनी वेल्डिंग फिरवलं की ती जागा ताठ होते आणि चीर शेजारी पडते. म्हणून जोडपट्टीची टोकं तिरकी कापली, वरच्या-खालच्या कडांना आडवं वेल्डिंग मारलं नाही, आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीच्या वायरी काढल्या. एक आडवी पट्टी पूर्ण गेली होती, ती बदलली. शॅकलचा, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचा, एक बुश मापाचा मिळाला नाही. तो उद्यमबागेत आमच्याच शॉपमध्ये लेथवर करून घेतला. बिल मीच केलं.

ब्रेकच्या बाबतीत माझं म्हणणं अगदी सरळ आहे. गंजलेला ब्रेक पाइप दुरुस्त करायचा नाही, बदलायचा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळं व्हील सिलिंडर आतून गंजतात आणि बाहेरून काही दिसत नाही. आम्ही चारी ड्रम खोलले, सिलिंडर, पाइप, लायनर सगळं नवीन घातलं, आणि लांबच्या चाकापासून सुरू करून पाइपांतली एअर काढली. पैसे इथं गेले तर गेले. रताळ्यांनी भरलेली गाडी चोर्ला घाटाच्या उतारावर असताना मला घरी झोप लागली पाहिजे.

कागदांचं काम सीमाभागातल्या माणसाला नवं नाही. दुसऱ्या राज्याची गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडचा कर, आणि चेसिस नंबरचा ठसा. हा ठसा घेणं मला सगळ्यात आवडलं. नंबर उजव्या पट्टीवर, पुढच्या चाकाजवळ कोरलेला, आणि त्यावर तेल-मातीची पुटं. तिथं ग्राइंडर लावायचा नाही. नंबर घासला गेला तर खाडाखोड केल्याचा संशय येतो. डिझेलचा बोळा, पितळी ब्रश, पुन्हा बोळा. मग पातळ कागद दाबून धरला आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच घासत गेले. काळ्या रेघांतून पांढरे आकडे एकेक करून वर आले, एक अक्षर गंजानं कुरतडलेलं, तरी वाचता येण्यासारखं. साहेबांनी तो कागद उजेडाकडं धरून बघितला आणि मान हलवली.

त्या दरम्यान सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं होतं. अशा दिवसांत सीमेवरच्या कोगनोळीपाशी एसटी थांबतात, नंबरप्लेट बघून गाड्यांना काळं फासलं जातं. गॅरेजात काम करणारा हुक्केरीकडचा पोरगा, कन्नडच बोलतो, मला अक्का म्हणतो. त्यानं सकाळी मी पोचायच्या आधीच आमची एमएचची गाडी ढकलून आत, मागच्या भिंतीला लावली होती आणि समोर एक उघडा पडलेला हौदा आडवा ठेवला होता. मी आल्यावर नुसतं म्हणाला, "इल्ली इर्ली, अक्का." असू दे इथंच. मग दोघांनी मिळून क्लचची प्लेट बसवली. त्या गॅरेजात चाचा घरच्यांशी दख्खनी बोलतात, गोकाकच्या ड्रायव्हरशी कन्नड, माझ्याशी मराठी, आणि बेअरिंग बसलं की नाही हे तिघांनाही बोटानं दाखवतात. बरंच काही तिथं बोलून शिकवलंच जात नाही. हात हातावर ठेवतात आणि नट किती आवळायचा ते दाबून सांगतात. माझ्या तळव्याला आता तो दाब माहीत आहे. तो मला कुणाला लिहून सांगता येणार नाही, भावाला शिकवताना मीही तसाच हात ठेवते.

8 वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस, म्हणजे रस्त्यावर चालायला योग्य असल्याचं सर्टिफिकेट, घ्यावी लागते, आणि 2021 च्या स्क्रॅप धोरणानंतर जुनी गाडी ठेवण्यापेक्षा भंगारात घालावी असं म्हणणारे वाढलेत. ज्या गाडीची चेसिसच संपली ती जावीच, मी तिच्या बाजूनं बोलणार नाही. पण आमच्या बाजूला शेतकऱ्याकडं नव्या गाडीचे पैसे नसतात, आणि नीट धुतलेली, नीट जोडलेली, ब्रेक चांगले असलेली जुनी चारशेसात बाजारापर्यंत माल पोचवते. तिला तेवढी वर्षं मिळायला हवीत, आणि ती देणारे हात ऑटोनगरात आहेत.

आमची फिटनेस झाली, गाडी केए-22 झाली, नवरात्रात रताळी घेऊन यार्डात गेली. काम संपलेलं नाही. स्टिअरिंगला थोडा खेळ आहे, पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनचे बुश बदलायचेत, ते चाचा मला एकटीला करायला देणार आहेत. त्याआधी, मे महिन्यात, दारांच्या आणि चेसिसच्या खालच्या बाजूची पाणी निथळायची भोकं तारेनं मोकळी करायची आहेत. ज्यांच्या गाड्या खानापूर, चंदगडकडं असतात त्यांनी ही भोकं बघाच. बहुतेक ठिकाणी ती चिखलानं नाहीतर रंगानंच बुजलेली असतात, आणि आत पाणी साठून राहतं.